पडद्यावरची चिकटपट्टी

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. बाक कसला, पंचक्रोशीतल्या बातम्यांची पेढीच. नवी गर्भार बाई तिथे टेकायचा अवकाश, शेजारची तिच्याकडे सरकते आणि हळूच विचारते, "पहिलीच खेप का? मग आत गेल्यावर पट्टीकडे लक्ष ठेवा."

पट्टीची अफवा अशी. आतल्या यंत्राच्या पडद्यावर एका कोपऱ्यात पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे, जखमेवरच्या कापसावर लावतात तसली. तिच्याखाली म्हणे बाळाचं नशीब उमटतं. जगेल की नाही, आणि जगलं तर किती. यंत्र चालवणाऱ्या बाईंना ते ठाऊक असतं, म्हणून तर झाकून ठेवतात. नशीब चांगलं असलं की त्या पट्टी झटकन काढतात. वाईट असलं की आधी हात पुसतात.

आता हात तर त्या दर वेळी नॅपकिनला पुसतात, कारण बोटं जेलने बरबटलेली असतात. पण अफवेला जेलशी काय देणंघेणं? किती तरी बायका त्या नॅपकिनकडे बघून आत रडल्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी गुटगुटीत पोर घेऊन घरी गेल्या. बाकावरच्या एकीनेही त्यावरून अफवा दुरुस्त केली नाही.

या बाईंना सगळं इस्पितळ पट्टीताई म्हणतं. अंगाने काटकुळ्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, कारण दिवसभर हात लोकांच्या पोटावर. खोलीतल्या गारठ्यामुळे बारा महिने स्वेटर, आणि स्वेटरच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. बोलणं असं मोजकं, की दुसऱ्या सोनोग्राफीवाल्या बाई म्हणतात, "हिला शब्दामागे कर भरावा लागतो." पट्टीविषयी कुणी विचारलं, तर समोरच्याच्या तळहातावर गोळी ठेवतात आणि म्हणतात, "उताणं व्हा."

एके काळी पडद्यावर पट्टी नव्हती आणि ताई नुसत्याच ताई होत्या. पट्टी आली ती त्यांच्या वहिनीच्या बाळंतपणात.

ही वहिनी म्हणजे चालतीबोलती आगगाडी. थोरल्या भावाची बायको, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी, उभ्या रस्त्याला टोपणनावं ठेवणारी. धाकट्या नणंदेला 'वन्सं' म्हणायचं तिने थट्टेने सुरू केलं आणि पुढे ते जिभेलाच चिकटलं. लग्नाला दहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. त्या दहा वर्षांत दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. त्यावर ती कधी बोलली नाही. विषय निघाला की गिऱ्हाइकाला मोठ्याने सुटे पैसे मागायची. तिसऱ्या खेपेला मात्र गर्भ टिकला. पोट दिसू लागलं. दादा रस्त्याने चालताना अनोळखी माणसांकडेही बघून हसू लागला.

घरच्या माणसाचं पोट आपण तपासायचं नाही, असा त्या खात्यात न लिहिलेला दंडक होता. पण वहिनी अडून बसली. "माझ्या पोटात परक्यांनी डोकवायचं नाही. वन्संनी बघायचं, नाहीतर कुणीच नाही." ताईंनाही मनातून तेच हवं होतं. दंडक असे दोन्हीकडून ढकलले की पटकन पडतात.

आठव्या महिन्यात वाढ बघायला वहिनी आली. दादा बाहेर बाकावर बसला. आत दिवा मंद केला, यंत्राची घरघर सुरू झाली.

"वन्सं, हात किती गार तुमचे. बाळाला सर्दी होईल."

"बाळाला नाही, तुला होईल. गप्प पडून राहा."

"पडलेलीच आहे की. उभ्याने कोण दाखवतं?"

ताईंनी डोक्याचं माप घेतलं. ठीक. मांडीचं हाड घेतलं. जरासं आखूड, पण आईबाप दोघं बुटके. दादाला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं. मग त्या बाळाच्या पोटाकडे वळल्या. गर्भाच्या मापांत हे माप सर्वांत खरं बोलतं. आतल्या बाळाला पोषण कमी पडू लागलं की ते डोकं शेवटपर्यंत सांभाळतं आणि पोटातून झडतं. पोटाची गोल आडवी चकती पडद्यावर पकडायची, तिच्याभोवती ठिपक्यांचं कडं ओढायचं, कडं नेमकं कातडीवर बसवायचं. कडं बसलं की यंत्र कोपऱ्यात आकडा दाखवतं, की एवढा घेर अमुक आठवड्यांच्या बाळाचा.

आकडा आला. जवळजवळ तीन आठवडे मागे.

बाळ तिरकं झालं असेल, असं ताईंना वाटलं. त्यांनी चित्र पुसलं, पुन्हा पकडलं, पुन्हा कडं ओढलं. दोन आठवडे मागे. वहिनीने श्वास घेतला, त्यात चकती हलली असेल. पुन्हा. या वेळी आकडा आला जेमतेम चार दिवस मागे. चार दिवस म्हणजे काहीच नाही. बुटक्यांचं बाळ बुटकं. ताईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी माप जतन केलं, अहवालात भरलं आणि खिशातली गोळी तोंडात टाकली.

"तीन वेळा तोललंत," वहिनी म्हणाली. "माझ्या दुकानात तिसऱ्यांदा पारड्यात घातलं, की गिऱ्हाईक म्हणतं, बाई काटा मारतेय."

ताई हसल्या. गोळी तोंडात फिरवली. मग फिरवायची थांबल्या.

तिसरं चित्र त्यांनी परत पडद्यावर आणलं आणि नाक लावून पाहिलं. ठिपक्यांचं कडं वरच्या बाजूला कातडीवर नव्हतं. कातडी सोडून पलीकडच्या काळ्या पाण्यात गेलं होतं. बाळाच्या पोटाला ते ढगळ झबल्यासारखं बसलं होतं. आधीची दोन चित्रं पुसलेली, तरी यंत्राच्या पोटात शिल्लक होती. पहिल्यात कडं कातडीला घट्ट. दुसऱ्यात जरा सैल. तिसऱ्यात झबलं. कुणी ओढायला लावलं होतं का? कुणीही नाही. कोपऱ्यातला आकडा चढत होता, आणि ताईंचा हात आपला त्याच्या मागे मागे.

काटा मारला होता. वाणी मारतो तो स्वतःच्या फायद्यासाठी. यांनी मारला मायेने. पण पारड्यात होतं ते त्याच मायेचं बाळ.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. परत घेते."

पण घ्यायचं कसं? आता तर भीती बसली. मघाशी हात सैल सुटला, आता घाबरून आवळेल. आवळला तर आकडा आणखी खाली येईल, आणि धडधाकट बाळ वेळेआधी बाहेर ओढलं जाईल, कच्च्या फुप्फुसांसकट. सैल सुटला तर उपाशी बाळ आतच राहील, आणि एका सकाळी ठोके ऐकू येणार नाहीत. एक चूक इकडे, एक चूक तिकडे, आणि मधे केसाएवढ्या ठिपक्यांचं कडं. ताईंचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. अशा वेळी माणूस दुसऱ्याला हाक मारतो. दुसऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या, आणि त्यांना बोलवायचं म्हणजे वहिनीला कारण सांगायचं.

शेजारी इंजेक्शनांचा ट्रे होता. त्यात चिकटपट्टीचं रीळ. ताईंनी बोटभर पट्टी फाडली आणि पडद्याच्या कोपऱ्यावर, जिथे आकडा येतो तिथेच, चिकटवली.

"वन्सं, मशीनला काय लागलं?"

"मशीनला नाही. माझ्या हाताला."

"बघू?"

"मग दाखवते. श्वास रोखून धर."

वहिनीने श्वास रोखला. ताईंनी चकती पकडली, कडं बसवलं आणि फक्त कातडी पाहिली. आकडा दिसत नव्हता, त्यामुळे हाताला त्याच्याकडे जायलाही जागा नव्हती. एक माप. सोडलं, नव्याने पकडलं. दुसरं. पुन्हा. तिसरं. वहिनीचे विनोद संपले होते. ती छताकडे बघत होती आणि तिचा हात पलंगाची कड घट्ट धरून होता. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतानाही जी बाई पापणी हलवत नाही, ती आता सारखी डोळे मिटत होती.

ताईंनी नॅपकिनला हात पुसले. पट्टी सोलली.

तिन्ही आकडे एकमेकांना खेटून होते. जवळजवळ तीन आठवडे मागे.

मग त्यांनी बाळाभोवतीचं पाणी पाहिलं. कमी. मग नाळ शोधली आणि तिच्यातल्या रक्ताची लाट पडद्यावर आणली. बरी नाळ असेल तर हृदयाच्या ठोक्याला लाट उंच चढते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत उतरत आली तरी तळाला टेकत नाही; रक्त बाळाकडून वारेकडे, म्हणजे आईकडून पोषण घेणाऱ्या गोळ्याकडे, वाहतच राहतं. इथे लाट चढत होती आणि दोन ठोक्यांच्या मधे तळाला टेकत होती. प्रत्येक वेळी. बाळाने मात्र एवढ्यात एक मूठ उघडली आणि मिटली.

"बोला," वहिनी म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात की मला मागच्या दोन खेपा आठवतात."

ताईंनी दिवा लावला. "बाळ जिवंत आहे. ठोके नीट आहेत, हालतंय. पण उपाशी आहे."

"उपाशी? अहो, मी दोघांचं जेवते."

"तू जेवतेस ग. त्याच्यापर्यंत पोचत नाही. वारेत अडतंय."

वहिनीने पोटावरचं जेल पुसायलाही हात उचलला नाही.

मोठ्या डॉक्टर मॅडमच्या खोलीत ताई चित्रं घेऊन उभ्या राहिल्या आणि आधी वाईट तेच बोलल्या. "मॅडम, अहवालात गेलेलं माप खोटं आहे. मीच घेतलंय. पट्टी लावून घेतलेलं खरं आहे, असं मला वाटतं. पण माझ्यावर विसंबू नका."

मॅडमनी चित्रं पाहिली. "हिला तू बघायला नको होतंस, हे तुला मी सांगायला हवं का?"

"नको."

"पट्टी राहू दे. दुसरीला जेवणावरून बोलव. तिला काही सांगू नकोस."

दुसऱ्या बाई घास गिळतच आल्या. त्यांनीही आंधळं माप घेतलं. पट्टी सोलली. तोच आकडा, थोड्याफार फरकाने. नाळेतली लाटही तळाला टेकलेलीच.

मॅडमनी फुप्फुसं पक्की व्हायची इंजेक्शनं तिथल्या तिथे सुरू करवली आणि वहिनीला दाखल करून घेतलं. ठोक्यांवर नजर ठेवायची; इंजेक्शनांचं काम होईपर्यंत बाळाने दम धरला तर बरं, नाही धरला तर तसंच काढायचं.

बाकावर दादा उठून उभा राहिला. "छोटे, महिनाभर थांबलो तर? आत राहिलेलं बरं असतं ना?"

"एरवी असतं. याला नाही."

"आणि तुझं माप चुकलं असेल तर?"

"एकदा चुकलंच आहे, दादा. म्हणून दुसऱ्या बाईंनी घेतलं."

दादाने बहिणीकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग तो बसला आणि बाजूला सरकला. तिला बसायला जागा केली एवढंच.

इंजेक्शनांची मुदत भरली त्याच दुपारी ठोक्यांची रेघ घसरली. सावरली. परत घसरली आणि या वेळी सावरायला फार वेळ लावला. वहिनीला उचलून नेलं. नेता नेता तिने ताईंचा स्वेटर पकडला. "वन्सं, हाताला काय लागलं होतं ते अजून दाखवलं नाहीत."

"बाहेर आलीस की दाखवते."

"विसराल."

"नाही विसरणार."

दार बंद झालं. भाऊ-बहीण बाकावर. कुणीतरी दादाला विचारलं, पहिलं का? दादाने मान हलवली; हो की नाही, ते कळलं नाही. ताईंचे डोळे स्वतःच्या उजव्या हातावर होते. बाळ भरलेलं निघालं, तर या हाताने दहा वर्षांचं वाट पाहणं कच्चं तोडलं. ते जिवंत निघालंच नाही, तर या हाताने पहिलं खरं माप पुसून वेळ घालवला.

रडणं ऐकू आलं ते मांजराच्या पिलासारखं, बारीक, पण चिडलेलं. दादाने तोंडावर दोन्ही हात ठेवले.

नर्सने येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं आणि वजन सांगितलं. ताईंनी मनात पट्टीखालचा आकडा ताडून पाहिला. जुळत होता. मॅडमनी वार दाखवली: लहानखुरी, आणि ठिकठिकाणी पांढरट निर्जीव चट्टे. "आणखी आठवडाभरही नसतं निभावलं," त्या म्हणाल्या. ताई भिंतीला टेकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मॅडमनी ताईंच्या खिशात हात घालून एक गोळी काढली आणि त्यांच्याच तळहातावर ठेवली.

मुलगी बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती दुकानात गल्ल्याशेजारी बसते, आईपेक्षा जास्त बोलते आणि वजनकाट्यावर हळूच बोट ठेवते. ताईंनी हाताला काय लागलं होतं ते वहिनीला कधीच सांगून टाकलंय; ती मुलीच्या बोटावर चापट मारते आणि म्हणते, "आत्यावर गेलीय." दादा हसतो. ताई आल्या की तो अजून बाजूला सरकून जागा करतो.

दुसऱ्या बाईंनीही त्यानंतर पट्टीची सवय लावून घेतली. पट्टी मळते, सुटते, नवी लागते. बाकावरची अफवा मात्र एकदाही मळली नाही.

खरं एवढंच आहे. पट्टीखाली नशीब नसतं. तिथे मापाचा आकडा असतो. तो दिसला की हात त्याच्याकडे सरकतो. ताईंचा एकदा सरकला होता.