वाऱ्याविरुद्धची फेरी

नातीनं आज नखांना पॉलिश लावलं आणि घरभर वास सुटला. मी उठलो, बसलो, परत उठलो. विमानाच्या पंखांच्या कापडावर आम्ही चढवायचो त्या रोगणाचा अगदी हाच वास.

ते विमान मी यशवंतपूरच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं बांधलं. कापड बायकोनं शिवलं. मी चौथीत शाळा सोडलेली, पण विमान किती वेगानं जाणार ते गल्लीभर छातीठोक सांगून बसलो होतो.

मोजणीच्या सकाळी आमचा पायलट मंजू पाण्याच्या टाकीपासून वीटभट्टीच्या धुराड्यापर्यंत वेळ मोजत उडाला. वायरलेसवर म्हणाला, "अण्णा, तुम्ही म्हणालात त्याहून जास्तच!"

"सरी, ठीक आहे, मग उतर खाली!"

"वारं पाठीमागं होतं, अण्णा. आता उलटा येतो, मग दोन्ही वेगांची सरासरी काढू."

वाऱ्याला तोंड देत विमान इतकं हळू येऊ लागलं की मी खाली येरझाऱ्या घालत तळमळलो. माझा शब्द खोटा पडत होता. बायको म्हणाली, "अहो, आपलं विमान डोक्यावर आहे, वर बघा तरी!" मी हातातल्या घड्याळाकडंच बघत राहिलो.

सरासरी स्वल्प कमी भरली. तो आकडा मी कुणाला सांगितला नाही, सांगणारही नाही.

पण आज राहवेना. बायकोजवळ जाऊन विचारलं, "परत येताना ते दिसत कसं होतं गं?"

"घड्याळाला विचारा की!" ती म्हणाली. मग हात डोक्यावर आडवा धरून तिनं तो इकडून तिकडं नेला, अगदी सावकाश.