डोक्यातली खाज आणि शुक्रवारचा बॉयकट

सातवीत असताना माझं डोकं इतकं खाजायचं, इतकं खाजायचं, की स्कूलबसमध्ये मी वेणीत पेन्सिल खुपसून खाजवायचे. आम्ही तेव्हा बहारीनला राहायचो; ईसा टाउनच्या शाळेपासून मनामातल्या आमच्या बिल्डिंगपर्यंत, नॉनस्टॉप! शेजारी बसणारी मुलगी सरकत सरकत पार खिडकीला चिकटली आणि संध्याकाळी तिच्या आईचा आमच्या आईला फोन आला.

झालं! आईने मला गॅलरीत उन्हात बसवलं. मांडीवर टॉवेल, हातात बारीक दातांची फणी. ऊ एकही नाही, पण पांढरे कण? भरपूर!

"लिखा! अगं, डोकं आहे की अंड्यांचा ट्रे?"

मग रोज शिकेकाई. मावशीने पुण्याहून पाठवलेली, घरी दळलेली. आई खसाखसा चोळायची, नळाखाली डोकं धरायची आणि दुसऱ्या दिवशी खाज डबल. म्हणून आई अजून चोळायची. मग फार्मसीतलं उवांचं औषध आलं. त्याचा वास असा, की बाबा जेवणाचं ताट घेऊन हॉलमध्ये पळाले. पांढरे कण मात्र जिथल्या तिथे.

"शुक्रवारी बॉयकट. खलास," आई म्हणाली.

आणि पुढच्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमचं कोळीनृत्य होतं! दोन वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर मला पहिली रांग मिळाली होती. सगळ्यांना अंबाडा, त्यावर गजरा. बॉयकटवर गजरा लावणार कुठे, कानाला?

गुरुवारी मी रडतच होते तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या चाची आमचा डबा परत द्यायला आल्या. चाची रत्नागिरीच्या, पण कितीतरी वर्षं बहारीनमध्ये.

"काय झाला गो बाय?"

"उवा झाल्यात हिला. भाभी, जवळ नका येऊ," आई म्हणाली.

चाची ऐकतात कुठे! त्यांनी माझं डोकं मांडीवर ओढलं, केस बाजूला केले आणि फूऽऽ करून फुंकर मारली. पांढरे कण उडून थेट त्यांच्या काळ्या ओढणीवर.

"बघ. लीख अशी उडते काय? ती केसाला चिकटते, नखानं ओढावी लागते. ही तुझी शिकेकाई हाय, नि नळाचा खारा पाणी!"

त्या बहारीनला नवीन आल्या तेव्हा त्यांचंही असंच झालं होतं म्हणे. खाऱ्या पाण्यात शिकेकाई नीट निघतच नाही, पाण्यातल्या क्षारांसकट टाळूवर वाळून पांढरी पापडी धरते. आणि आम्ही खाज आली की अजून शिकेकाई लावत होतो!

"शेवटाला गोडा पाणी घाल."

गोडं पाणी म्हणजे प्यायचं, ट्रकवाल्याकडून कॅन भरून घेतलेलं. आई ते भांडं विसळायलासुद्धा वापरू द्यायची नाही.

"प्यायचं पाणी? डोक्यावर?"

"नको? मग काप केस."

आईने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी केस घट्ट धरले.

शुक्रवारी सलूनऐवजी बाथरूम! बाबांनी कॅन उचलून आणला. शिकेकाई नाही, थोडासा शाम्पू, आणि शेवटी गोड्या पाण्याचे तीन तांबे. आई हळूहळू ओतत होती, जसं काही तीर्थच. "हलू नकोस, सांडतंय!"

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली, तेव्हा बसमध्ये पेन्सिल दप्तरातच राहिली. सोमवारी थोडं खाजलं, मी घाबरले, पण तेवढंच. परत एकदा तीन तांबे. आणि गणपतीत मी पहिल्या रांगेत, अंबाड्यासकट! हातात वल्हं होतं, मध्येच कानामागे जरासं चुरचुरलं, पण मी हात वर नेला नाही.

घरी आल्यावर आईने पिना काढल्या, केस मोकळे सोडले आणि भांगात फूऽऽ केलं. काहीच उडालं नाही. तिने उगाच अजून एकदा केलं. मग थेट फोन उचलला आणि बसमधल्या त्या मुलीच्या आईचा नंबर फिरवला.

"तुमच्या मुलीचं डोकं खाजतं का हो?... खाजतं ना? मग ऐका, केस कापू नका!"