तीनदा सापडलेली अंगठी

सारवताना अंगठी काढून ठेवायची असते, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, कारण माहेरी माझ्या बोटात अंगठीच नव्हती. आमचं घर साताऱ्याजवळच्या एका गावात. घरात सोनं म्हणजे आईच्या गळ्यातले मणी, तेवढंच. साखरपुड्याला सासरच्यांनी फुलाच्या नक्षीची, लाल खड्याची अंगठी माझ्या बोटात घातली आणि लग्न होऊन मी आष्ट्याच्या अंगाला एका उसाच्या गावात नांदायला आले. लग्नातले बाकीचे दागिने सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात 'जपून ठेवते' म्हणून काढून घेतले. अंगठी तेवढी आल्यागेल्याला दिसावी म्हणून राहिली.

बांगलादेशाचं युद्ध होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या तोंडावर घर सारवायला काढलं. शेण, माती, पाणी. हातानं कालवायचं आणि हातानंच फिरवायचं. सोपा झाला, स्वयंपाकघर झालं, अंगण झालं. हात धुतले तर बोट मोकळं.

आधी मी कुणाला काही बोलले नाही. उरलेलं सारवण चिवडून पाहिलं, उकिरडा उसकटला, ओलं अंगण चाचपून पुन्हा सारवलं. शेवटी सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"काल भाऊ आला, आज अंगठी गेली."

माझा दादा आदल्या दिवशी दिवाळीचं बोलावणं करायला आला होता. चहा प्याला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीची एसटी धरली. एवढ्या वेळात मी अंगठी त्याच्या खिशात घातली, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. सासरे गावात वजन असलेले गृहस्थ. त्यांनी आवाजही चढवला नाही. "पाव्हण्याला निरोप धाडा. बहिणीला घिऊन जावा म्हनावं. अंगठी सापडंल तवा दोगीबी या," म्हणाले. आमचे हे तिथंच उभे होते. त्यांना नेमकं तेव्हाच उसाला पाणी द्यायचं आठवलं.

'सापडंल तवा' म्हणजे कधी, हे मला कळत होतं. माझ्या पाठची बहीण लग्नाची होती. मी चोर ठरून परत गेले असते, तर तिला कोण विचारणार होतं? आणि दादाचं काय? गावात छाती काढून चालणारा माणूस तो. निरोप गेल्यापासून तो येईपर्यंत मी जी रडले, तशी पुन्हा आयुष्यात रडले नाही.

इथं एक सांगायला हवं. त्या घरात आल्यापासून सारवणाचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, पण काही जागा सोडून. देवघराचा कोपरा सासूबाई स्वतः सारवायच्या. "देवाचं हाय, तुला जमायचं न्हाई," म्हणायच्या. जात्यामागची जमीन माझी थोरली जाऊ सारवायची, "तू दमलीस गं," म्हणून. आणि गोठ्यात म्हशीच्या गव्हाणीखालची जागा चक्क सासरे बघायचे. शेणाला हात न लावणारा पुरुष, पण तेवढा एक हातभर तुकडा ते गडीमाणसालाही शिवू देत नसत. मला वाटायचं, किती मायेची माणसं आहेत! आईला तसा निरोपही धाडला होता मी.

दादा फौजेत सुरुंग शोधणाऱ्या पलटणीत होता. युद्धात त्यानं यंत्र फिरवून वाटेवरचे सुरुंग हुडकले होते. तेव्हा तो लांबच्या सुट्टीवर होता. फौजेचं यंत्र काही घरी आणता येत नाही, पण डोक्यातलं कोण काढून घेणार? साताऱ्यात त्याचा एक रेडिओ दुरुस्तीवाला मित्र होता. दोघांनी बसून भरतकामाच्या मोठ्या लाकडी रिंगेवर तांब्याची तार गुंडाळली, रिंगेला काठी लावली आणि काठीला एक ट्रान्झिस्टर आणि बॅटरीचे सेल बांधले. ट्रान्झिस्टरमधून सारखी बारीक शिट्टी यायची. रिंगेखाली धातू आला की ती शिट्टी किंचाळायची. मधूनच सांगलीचं रेडिओ केंद्र घुसायचं आणि हळदीचे बाजारभाव ऐकू यायचे.

ते अवजार खांद्यावर टाकून दादा आमच्या अंगणात उभा राहिला. "आवं मामा," सासऱ्यांना म्हणाला, "तुमी बहिणीला न्या म्हणालात. नेतो. पर आदी अंगठी हुडकतो. तवर ह्या घरचं पाणी पिणार न्हाई."

"हुडका की," सासरे म्हणाले. "मनात शंका कशाला ऱ्हावी?"

अर्धं गाव गोळा झालं. दादानं सगळं अंगण पट्ट्या पाडून रिंगेखालून काढलं. बैलाच्या नालाचा तुकडा निघाला, खुरप्याचं मोडकं पातं निघालं, पितळेचं एक बटण निघालं. प्रत्येक वस्तूला लोकांनी टाळ्या पिटल्या. सासरे कट्ट्यावर बसून सगळ्यांना चहा पाजत होते. जत्रेत मानाचा नारळ मिळाल्यासारखा चेहरा होता त्यांचा. अंगठी मात्र निघाली नाही.

दादानं घाम पुसला आणि म्हणाला, "अंगण झालं. आता आतलं बघू. तिनं घरबी सारवलंय."

एवढं ऐकल्यावर कट्ट्यावरची कपबशी खाली ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

सासूबाई पहिल्यांदा उठल्या. देवघरात कातडी पट्टा बांधलेली वस्तू चालत नाही, म्हणाल्या. दादानं काठीचा पट्टा सोडला आणि सुतळी बांधली. जाऊबाई म्हणाल्या, धाकटं पोर आत्ताच निजलंय, शिट्टीनं दचकेल. पोर दारात उभं राहून बोट चोखत होतं. सासरे म्हणाले, म्हस बुजंल, आटंल, आमच्या घरचं दूध जाईल. तोवर जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या होत्या. मग सासऱ्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी लोकांना तेवढं वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

दादा आधी गोठ्यात गेला. म्हशीनं मान वर करून शिट्टी ऐकली आणि पुन्हा वैरण खाऊ लागली. रिंग गव्हाणीखाली गेली आणि ट्रान्झिस्टर असा किंचाळला, की मीच दचकले.

"खिळा आसंल," सासरे म्हणाले.

"खणून बघू?"

"आता खिळा काय बगायचा?"

सासूबाई त्या गव्हाणीकडे बघत राहिल्या. ती गव्हाण त्या लग्न होऊन आल्यापासून रोज झाडत होत्या, पण बघितली असेल ती त्या दिवशीच. तिथून स्वयंपाकघर. जात्यामागं पुन्हा तोच आरडाओरडा. "जात्याचा खुट्टा हाय त्यो," जाऊबाई घाईनं म्हणाल्या. खुट्टा लाकडाचा होता. आता सासूबाई जावेकडे बघू लागल्या आणि जाऊ सासऱ्यांकडे. मग देवघराचा कोपरा. "देवाची घंटा हाय की तितं," सासूबाई म्हणाल्या. घंटा वर फळीवर होती आणि शिट्टी खालच्या जमिनीतून येत होती. या वेळी सासऱ्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू ही बाई कोण, कुठल्या गावची.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थोरले दीर वाटणी मागतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. मातीची जमीन उकरावी, वाटणीतून वाचवायच्या सोन्याचा डबा ठेवावा, वरून शेणाचा हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी देवालाही पत्ता लागू नये. माझ्यावरची माया ती ही! मला हसू आलं आणि संतापही आला. मला चोर म्हणणारी सगळी माणसं आपापल्या डब्यावर उभी होती.

शेवटी आमची खोली झाली. तिथं यंत्र एकदाही ओरडलं नाही. हळदीचे भाव मात्र स्वच्छ ऐकू आले. आपला नवरा घरातल्या घरात किती गरीब आहे, हे मला तेव्हा समजलं.

दादा बिचारा सरळ माणूस. यंत्र जिथं वाजेल तिथं खणायचं, एवढंच त्याला पलटणीत शिकवलेलं. तो खुशीत म्हणाला, "तीन जागी आवाज आलाय. कुठंतरी अंगठी असणारच. तिन्ही जागा खणून काढू."

"दिस कलला," सासरे घाईनं म्हणाले. "सकाळी बगू. सोप्यात घोंगडं टाका रं पाव्हण्याला."

मग अंगठी सापडायला सुरुवात झाली.

दिवेलागणीच्या आधीच जाऊबाईंनी मला परसात ओढलं आणि मुठीत काहीतरी कोंबलं. "राखंत घावली बघ. तुजीच न्हवं?"

मी पाहिलं. खड्याच्या जागी नुसतं भोक होतं. "न्हाई, आक्का."

"आसंल गं. नीट बघ की. भावाला म्हनावं, सापडली."

ती मी पदराला बांधते न बांधते तोच सासूबाईंनी देवघरात हाक मारली. दिव्याची वात सारता सारता म्हणाल्या, "शेणाच्या पाटीत हुती." आणि हातावर सोन्याच्या तारेचं एक बारीक वेढणं ठेवलं. फूल नाही, खडा नाही, अंगठीशी त्याचं काही नातंच नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. मी तेही पदराला बांधलं. घर सारवताना एक अंगठी हरवून मी दोन कमावल्या होत्या.

सकाळी सासऱ्यांनी धार काढता काढता आरोळी ठोकली. सगळे गोठ्यात धावले. त्यांच्या तळहातावर पिवळ्या खड्याची पुरुषी अंगठी होती. "गव्हाणीत पडली हुती! म्हस गिळणार हुती! थोडक्यात वाचली!"

मी ती घालून पाहिली. माझ्या अंगठ्यातसुद्धा ती गरगर फिरत होती. सासूबाई आणि जाऊबाई एकदमच म्हणाल्या, "हीच ती!" दोघींचं इतकं एकमत मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

दादा पुढं आला. साखरपुड्याला तो माझ्या शेजारीच बसला होता. "लाल खडा होता न्हवं?"

"शेणात पडलं की रंग उतरतो," सासूबाई म्हणाल्या.

दादानं माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं. मी 'ही नव्हे' म्हटलं असतं, तर दादा पहार घेऊन उभाच होता, आणि दुपारपर्यंत ते घर पायापासून उसवलं असतं. पण नुसतं 'हीच' म्हणून गप्प बसायला मी तयार नव्हते. माझा भाऊ आदल्या दिवसापासून त्या घरचं पाणी प्यायला नव्हता.

"हीच," मी म्हटलं. "तुमी सगळी म्हणताय म्हंजे हीच. मग माझ्या भावाला चोर म्हणालात, त्याचं काय करायचं मामंजी?"

सासऱ्यांपुढं तोंड वर करून मी बोलले ती तेव्हाच. म्हशीची शेपटी तेवढी हलत होती, बाकी कुणीच नाही. मग सासऱ्यांनी दुधाची चरवी खाली ठेवली आणि दादापुढं हात जोडले. "चुकलं पाव्हणं. घरात अंगठी आसताना तुमाला बोल लावला. बहीण तुमची हितंच नांदंल." दादालाच अवघडल्यासारखं झालं. त्यानं घाईघाईनं त्यांचे हात खाली केले, तांब्याभर पाणी एका दमात प्याला आणि यंत्र खांद्यावर टाकून पहिल्या एसटीनं गेला. तीन ठिकाणी शिट्टी का वाजली, हे त्याला मी पुढं कधीतरी सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. फौजेत असं चालत नाही, म्हणाला.

माझी खरी अंगठी आजतागायत सापडलेली नाही.

दादा गेला तसे सासरे "नीट करून आणतो, सैल हाय," म्हणून पिवळा खडा परत घेऊन गेले. तो सोनार अजून नीट करतोच आहे. चूल पेटायच्या आत जाऊबाईंनीही "दे की आता," म्हणून आपली नेली. सासूबाई मात्र मागायला आल्या नाहीत. दुपारी त्या एकट्या वाती वळत बसलेल्या बघून मीच वेढणं त्यांच्यापुढं ठेवलं.

"ह्ये माज्या आईनं दिल्यालं," त्या म्हणाल्या. "मी तुज्यावानीच नवी नांदायला आल्ते. नथीतला मोती पडला. मला म्हायेरी धाडलं. वरीसभर पडून हुते तितं. कुणी मशीन घिऊन आलं न्हाई. परत सोडताना आईनं गुपचूप ह्ये दिलं. म्हनली, पुन्ना धाडलं तर हातात काय तरी आसूं दे."

मला सहानुभूती वाटायला हवी होती. वाटली ती नंतर. आधी रागच आला. "मग तुमी मला कशापायी धाडायला निघाला हुता आत्याबाई?"

त्यांनी हातातली वात पूर्ण वळली. खरंच विचार करत होत्या.

"मला वाटलं, आसंच आसतंय," म्हणाल्या.

मग वेढणं उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. माजी जागा आता समद्यास्नी म्हाईत झाली. तुज्याकडं काय हाय म्हनून कोन बगतंय?"

मी ते घेतलं. त्या घरात कुणी मला सांभाळायला दिलेली ती पहिली वस्तू.