न छापलेला फर्मा

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. आम्ही बायका छापील कागद दुमडायचो, शिवायचो, आणि ती वाचून दाखवायची. तिच्या डाव्या हाताची बोटं लहानपणी भाजून तळव्याकडे आखडली होती, त्यामुळे दुमडणी तिला जमायची नाही. तिच्या वाटचा गठ्ठा आम्ही आपसात वाटून घ्यायचो. मालकाला काम झाल्याशी मतलब.

वाचायला मिळायचे ते खराब फर्मे. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक दुमडलेला कागद. शाई पसरली, छपाई तिरकी गेली की तो बाजूला पडायचा. आमची आवड ठरलेली. लहानपणी हाल काढलेली पोर, मग शेजारचा मुलगा, मग पहिलं प्रेम. प्रेम सुरू झालं की सगळ्यांचे हात मंदावायचे आणि शिवणीवर बसणारी रेडिओची थोरली बहीण दटावायची, "हात चालवा गं, नवरदेव कुठं पळून जात नाही."

दोघी बहिणी बिनलग्नाच्या, म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायच्या. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, पण तोंडाचा पट्टा चालूच. "हे काम सुटलं तर दिवसभर त्यांच्यापाशी बसावं लागेल," असं रेडिओ एकदा मला म्हणाली. म्हणताना तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हाताऱ्या माणसांचा कंटाळा येतोच, असं मी धरून चालले.

एका कादंबरीने आम्हाला वेड लावलं. तिचा मधला एक फर्मा मात्र चांगला छापला गेला आणि सगळाच्या सगळा शिवणीला गेला, म्हणजे वाचायला खराब प्रत एकही उरली नाही. आधीच्या पानांवर मुलगी समोरच्या दुकानातल्या मुलाकडून वाचायला पुस्तक घेते, आणि बाप ते बघतो. पुढे काय, म्हणून आम्ही रेडिओचा जीव खाल्ला. शेवटी तिने गठ्ठ्यातला एक कागद ओढला आणि समोर धरून वाचायला लागली.

बाप काहीच बोलत नाही. इस्त्री तापवतो. थोरल्या मुलीला सांगतो, हिचा हात धर. थोरली धरते. धाकटी ओरडत नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघत राहते, आणि बहीण भिंतीकडे.

आम्ही रडलो. कव्हरं चिकटवणारी, जी नवऱ्याच्या मयतालाही रडली नव्हती, ती बाहीने नाक पुसत होती. पुस्तकातल्या पोरीचा हात भाजला म्हणून एवढा गहिवर, आणि तसाच एक हात कागद धरून समोर बसला होता, तो एकीलाही दिसला नाही. शिवणीवरची सुई तेवढी थांबली होती.

कादंबरी बांधून तयार झाली तेव्हा चिकटवणारीने एक प्रत घरी नेली. दुसऱ्या दिवशी ती फणफणत आली. "इस्त्री कुठंय यात? बाप पोरीला जवळ घेतो आणि दोघं रडतात, असं लिहिलंय."

रेडिओने आखडलेला हात टेबलावर ठेवला. "पुस्तकात नाही. ते माझ्या बाबतीत झालं होतं."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. रेडिओनेही.

थोरलीने दाताने दोरा तोडला. "चुलीवर पडली होती ती. लहानपणापासून गोष्टी रचायची खोड आहे तिला."

"म्हणजे आमच्या जिवावर आयतं बसायचं आणि वर आम्हालाच बनवायचं," चिकटवणारी म्हणाली आणि तिने रेडिओच्या वाटचे कागद तिच्यापुढे लोटले. मग दुसरीने लोटले, तिसरीने लोटले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अगं, निदान तिचा हात तरी बघा."

"हात रोजच बघतो की आम्ही," चिकटवणारी म्हणाली.

रेडिओने कुणाची विनवणी केली नाही. कोपराने कागद दाबून ती दुमडायला बसली. एकही घडी सरळ येईना. त्याच आठवड्यात मालकाने तिला घरी बसवलं.

थोरली अजून शिवणीवर आहे. ती रोज वेळेवर येते, मान खाली घालून काम करते. घरी कसं चाललंय, असं मी परवा मुद्दाम विचारलं.

"बरं चाललंय," ती म्हणाली. "आता दिवसभर ती असते ना बाबांजवळ."