चाळीस जणींचा एकच ताण

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा ताण. त्यामागे थोर हेतू वगैरे काही नव्हता. गडचिरोलीच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवत होतो, विद्यार्थिनी रोज समोर होत्या आणि ताण त्यांना असणारच, म्हणजे वणवण नको. तीस प्रश्न तयार केले. प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’, ‘नेहमी’ असे तीन चौकोन. शेवटी एक मोकळी ओळ: सगळ्यात जास्त ताण कशाचा येतो, ते लिहा.

नाव लिहायचं नाही, हे मी बरोबर सांगितलं. पुढे मात्र जिभेची सवय आडवी आली. वेळ पाऊण तास, शेजारणीच्या पेपरात पाहायचं नाही, एकही प्रश्न सोडायचा नाही, असं बजावून मी कॉलेजच्या दवाखान्याच्या गेटासमोर चहाला गेलो. तिथे सिंदेवाहीचा एक जुना मित्र भेटला. त्याला माझं संशोधन समजावून सांगता सांगता पाऊण तासाचा सव्वा तास झाला.

संध्याकाळी कागद तपासायला घेतले. पहिले पाच सारखे, पुढचे दहा सारखे, मग सगळेच सारखे. मी हरखलो. एवढं एकमत कुठल्या संशोधकाला मिळालं असेल? ‘कोर्स सोडून जावंसं वाटतं?’ याला चाळीसही जणींनी ‘नेहमी’ म्हटलं होतं. नागपूरच्या गाइड मॅडमना फोन करून कळवूनही टाकलं. मग मोकळ्या ओळीकडे नजर गेली आणि हरखणं संपलं. चाळीस कागदांवर एकच वाक्य होतं: सर सारखे वॉर्डात बोलावतात.

ज्यांना मी वर्षभरात एकदाही हाक मारली नव्हती, त्यांनीसुद्धा हेच लिहिलं होतं.

सकाळी कागद घेऊन मी आमच्या ज्येष्ठ ट्यूटर बाईंकडे गेलो. बाई भद्रावतीच्या. तीस वर्षं पोरी घडवत आलेल्या, आणि मधून मधून मलाही. त्यांनी चारपाच कागद उलटले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“सर, हे पाहा. ‘सारखे’वर काट मारून वर पुन्हा ‘सारखे’च लिहिलं. अन् ही काट बऱ्याच जणींनी जशीच्या तशी उतरवली.”

यात बरोबर उत्तर असतंच कुठं, असं मी विचारलं.

“तुमी वेळ बांधून देला, पाहू नका म्हटलं. मंग परीक्षाच झाली ना. परीक्षेत पोरी कोणाचं उतरवतात, हे साऱ्या कॉलेजले मालूम हाय. तुमाले सोडून.”

म्हणजे कोर्स सोडून चाळीस जणी काही जात नव्हत्या. एकच जात होती, आणि ती वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी होती.

भामरागडकडची. त्या वर्गात फाडफाड गोंडी बोलणारी ती एकटीच. आतल्या गावांहून रुग्ण आला आणि त्याचं बोलणं मला समजेना, की मी तिला बोलवायचो. प्रॅक्टिकल चालू असो की जेवण. ती येऊन रुग्णाशी बोलायची, तो हसायचा, मी खूश व्हायचो आणि सुई तिच्या शेजारणीच्या हातात द्यायचो. मला वाटायचं, मी तिचा मान वाढवतोय.

तिला लायब्ररीत गाठलं. तिनं प्रॅक्टिकलची फाईल माझ्यासमोर उघडून ठेवली. पानंच्या पानं कोरी.

“सर, मी अजून एकबी कॅथेटर टाकली नाई. तुमी बोलावता, मी बोलते, अन् काम दुसरी करते. बाबा म्हणते, तू तिथी नर्स बनाले गेली का बोलाले गेली? रविवारी घ्याले येऊन राह्यले.”

“मग मला आधी काऊन नाही सांगितलं?”

“सांगनारच होती सर. तेवढ्यात तुमी बोलावलं.”

तो गुरुवार होता. मी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे नियम केला: रविवारपर्यंत या पोरीला प्रॅक्टिकलच्या कामाशिवाय कोणी हाक मारायची नाही, आणि ‘कोणी’ म्हणजे सर.

शुक्रवारी पायाला मोठी जखम झालेली एक म्हातारी आली. मराठीचा एक शब्द नाही. शेजारच्या खाटेभोवती पडदा लावलेला होता आणि आत बाई त्या पोरीकडून तिची पहिली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, टाकून घेत होत्या. मी म्हातारीला दुखतं कुठं, किती दिवसांपासून, हे हातवाऱ्यांनी विचारू लागलो. दिवस दाखवायला माझ्या हातांवर सूर्य उगवला, मावळला, पुन्हा उगवला. लंगडून दाखवलं. म्हातारी आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग अख्खा वॉर्ड. तिचा लेक औषधं आणायला गेला होता. तो येईपर्यंत माझा नाच चालू राहिला. दोनदा हाक माझ्या ओठांवर आली आणि दोनदा गिळली. पडद्याआडून फक्त बाईंचा आवाज येत होता, “तिकडं नको पाहू. इथी पाहा.”

पडदा सरला तेव्हा पोरगी घामाघूम होती. तिनं फाईल माझ्यापुढे धरली. मी सही केली. शनिवारी आणखी तीन केल्या.

रविवारी तिचे बाबा गेटाजवळच्या झाडाखाली येऊन बसले. सोबत रिकामी पिशवी, तिचं सामान न्यायला. ती युनिफॉर्म घालून गेली आणि फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी प्रत्येक सहीवर बोट ठेवलं आणि तिनं प्रत्येक वेळी काय केलं होतं ते सांगितलं. बराच वेळ. मी दूर उभा, अपराध्यासारखा. शेवटी त्यांनी पिशवीची घडी घातली आणि मला जवळ बोलावलं. माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहून गोंडीत काहीतरी लांबलचक बोलले. पोरगी खाली मान घालून हसली.

“काय म्हणतात?”

“सर, माही ड्युटी हाय,” ती म्हणाली आणि फाईल काखेत मारून वॉर्डाकडे चालू लागली.