मंद्रूपच्या गोठ्यातलं इंजिन

दोन वर्षं माझ्याकडे एक डिझेल बुलेट होती. तिला इंजिन नव्हतं. टाकी, चाकं, हँडल, सीटचा पत्रा सगळं होतं आणि मधे रिकामी जागा. या गाड्या आता बनत नाहीत. पन्नासच्या पुढे त्या पळत नाहीत, थरथरतात, पण थोड्याशा डिझेलवर दिवसभर शेतं फिरवून आणतात. ज्या भंगारवाल्याकडून ती घेतली त्याने सांगितलं होतं, की गाडी मंद्रूपच्या शरणप्पांची. इंजिन त्यांनी ठेवून घेतलं. तसलंच दुसरं बसवा, असं सगळे म्हणत. मला याच गाडीचं हवं होतं. थंडी संपता संपता ठरवलं, की आता तिथे जायचं आणि ते घेऊनच यायचं.

सोबत सलीमभाई. माझ्या सगळ्या जुन्या गाड्या त्याच्या हाताखालून जातात. "चलो," तो म्हणाला. "ये सांगाडा लेके कब तक बैठनेका?"

सकाळी माझ्या येझदीवर सात रस्त्यावरून निघालो. विजापूर रोडला हत्तूर मागे पडेपर्यंत शहर सुटल्यासारखं वाटत नाही. पुढे रस्ता मोकळा आणि सरळ आहे. जुनी गाडी घेऊन जाणाऱ्यांनी डावीकडूनच चालावं, आणि अंधार पडायच्या आत परतावं. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात.

शरणप्पांचं घर गावाबाहेर, शेतातच आहे. "बर्री, बर्री, बसा," म्हणत त्यांनी खाट पुढे ओढली. सांगाडा माझ्याकडे आहे म्हटल्यावर ते हसले. "त्यो इकला म्हणून ही माज्याशी चार दिवस बोलली न्हवती." ही म्हणजे त्यांची बायको महादेवी. सगळं गाव तिला अक्का म्हणतं.

इंजिन गोठ्यात होतं. सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेलं, पट्ट्याने कडबा कुट्टीच्या मशीनला जोडलेलं. मी हात लावला. गरम होतं. नुकतंच काम करून थांबलेलं.

"इकायचं न्हाय," अक्का म्हणाली.

"दुसरं आणून देतो. याच्यापेक्षा चांगलं."

"विजेची मोटर देतो म्हणून एक जण आलता. लाईट येती तवा म्हशी झोपल्याल्या असत्यात."

"डिझेलचंच आणतो."

"इंजिनाचं न्हाय ओ. ह्यो आवाज झाला की म्हशी उठून उभ्या ऱ्हात्यात. तितंच पान्हा फुटतो. दुसऱ्या आवाजाला पान्हा चोरला, तर डेअरीत काय तुमची गाडी घालू?"

"आणू दे की," शरणप्पा म्हणाले. "म्हशी व्हय म्हणल्या तर नेऊ दे."

"म्हशी व्हय म्हणल्या तरच," अक्का म्हणाली आणि आम्हाला जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. भाकरी दह्यात मोडून थोडा वेळ ठेवायची. घाई केली तर दात दुखतात.

दुसऱ्या दिवशी बार्शीला गेलो. मंद्रूपच्या अगदी उलट दिशेला. वाटेत वैरागला थांबलो, तिथला चहा फार गोड असतो. बार्शीत विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं विकणारा एक जण सलीमभाईच्या ओळखीचा होता. मी त्याला एकेक इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिलो.

"इंजिन घेताय का बँडबाजा ठरवताय?" त्याने विचारलं.

"म्हशींना पसंत पडायला पाहिजे," सलीमभाई म्हणाला. विक्रेत्याने पुढचं इंजिन सुरू केलं. त्यातल्या त्यात जाड आवाजाचं एक घेतलं आणि ते न्यायला छोटा हत्ती टेम्पो ठरवला. भाडं आधी ठरवून घ्यावं. परतीला गाडी कुठून माल भरणार आहे तेही विचारावं, भाडं कमी होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गोठ्यात बसलं. जुनं दाराशी काढून ठेवलं. संध्याकाळी शरणप्पांनी हँडल मारलं. नवं इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. कुट्टी उडू लागली. म्हशी बसून राहिल्या. वैरण पुढे टाकल्यावर उठल्या, खाल्ली. अक्का धारेला बसली. "बा गौरी, बा," असं चुचकारत तिने बराच वेळ कास चोळली. मग जवळजवळ रिकामी कासंडी आमच्यासमोर आणून ठेवली.

"बघा."

"अजून एक दिवस द्या," मी म्हणालो.

"एकच. सकाळची धार. मग जुनं हाय तितं बसवून द्यायचं."

आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी अंथरुणातून उठलो तो दाराशी ठेवलेल्या इंजिनापाशी गेलो. त्याला सायलेन्सर होता. लांब, शेपटाकडे निमुळता, गंजलेला. गाडीचा मूळचा. गोठ्यात तो भिंतीच्या भोकातून बाहेर काढलेला असे. म्हशी ऐकत होत्या तो आवाज यातून येत होता.

"हा त्या इंजिनाला लावू या," मी सलीमभाईला म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ये फिर किधर बी मिलता नहीं."

"माहीत आहे."

"गाडी अधूरी रहेगी."

"लाव."

दोन्ही तोंडांचं माप जुळत नव्हतं. धार थांबवून गावातल्या वेल्डिंगवाल्याला उठवलं. त्याने मधे एक तुकडा जोडून दिला. सलीमभाईने इंजिन सुरू केलं, वेग कमी केला, अजून कमी केला. "हितं ठेवा," शरणप्पा म्हणाले. ते डोळे मिटून ऐकत होते.

गौरी उठली. मग तिच्या पलीकडची. कुट्टी अजून पुढ्यात पडली नव्हती. अक्का कासंडी घेऊन बसली आणि दुधाचा आवाज इंजिनाच्या आवाजाखाली सुरू झाला. ती वर न बघता म्हणाली, "न्या तुमचं."

इंजिन छोट्या हत्तीत दोरांनी बांधलं. खाली जुनं टायर टाकावं, नाहीतर धक्क्याने इंजिनाचे पाय मोडतात. शरणप्पा सोबत रस्त्यापर्यंत आले. "गाडी सुरू झाली की एकडाव आणा," ते म्हणाले. "म्या लई फिरलोय तिच्यावर."

ती सुरू झाली. सलीमभाईने दुसऱ्या एका गाडीचा सायलेन्सर कापून बसवला आहे. जोड दिसतो. मागच्या आठवड्यात पुण्याचे एक संग्राहक पाहायला आले. गाडीभोवती फिरले, खाली बसले, इंजिनाचा आणि सांगाड्याचा नंबर ताडून पाहिला.

"इंजिन हिचंच. फार कमी वेळा दिसतं. सायलेन्सर तेवढा चुकलाय. हुबेहूब बनवून देणारा आहे माझ्याकडे."

"मूळचा आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"मंद्रूपला."

"मग बसवत का नाही?"

"तो कामावर आहे."

त्यांना ती थट्टा वाटली. बनवणाऱ्याचा नंबर त्यांनी तरीही लिहून दिला. मी फोन केलेला नाही. करणार नाही.