आईच्या लाल काट्याच्या घड्याळासाठी गिरगाव-लालबाग

नाशिकहून मुंबईला दोन दिवस जायचं ठरवलं ते फिरायला नव्हे, भांडायला. माझ्या मामेभावाशी, प्रसादशी. तो लोअर परळला काचेच्या इमारतीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात घड्याळं जमवतो. दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा "आत्याचं घड्याळ सर्व्हिसिंग करून आणतो" म्हणून घेऊन गेला. महिन्याभराने ते कुरिअरने परत आलं. डबी उघडली आणि माझं डोकंच फिरलं.

आई परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. नोकरीच्या सुरुवातीला घेतलेलं हे चावीचं घड्याळ: पांढरी डायल, ठसठशीत काळे आकडे आणि मधोमध लांब लाल सेकंद काटा. आता तिची नजर अधू झालीय. मोबाइल तिला नको, बोलणारं घड्याळ तर मुळीच नको. गोळ्या, डोळ्यांचे थेंब, सगळं ती त्या एका डायलवर वेळ बघून स्वतः घ्यायची. प्रसादने पाठवलेल्या घड्याळात काळीभोर चकचकीत डायल होती. आकडे गायब. त्यांच्या जागी केसाएवढ्या सोनेरी रेघा. लाल काटाही सोनेरी झालेला. आईने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून "मिनू, किती वाजले?" सुरू झालं. थेंबांची वेळ दोनदा चुकली. मी बसचं तिकीट काढलं.

नाशिकहून जाणाऱ्यांना एकच सांगते, पहाटेची बस धरा. मी सातची धरली. कसाऱ्याचा घाट झकास उतरलो आणि पुढे रस्त्याच्या कामात जे अडकलो ते अडकलोच. दादरला उतरले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. प्रसाद समोर हसत उभा. मनगटावर पाणबुड्यांचं जाडजूड घड्याळ, कडेला फिरणारी चकती. या माणसाला पोहता येत नाही.

"ताई, आधी खाऊन घे, मग ओरड," तो म्हणाला. हे मात्र शहाणपणाचं बोलला. स्टेशनच्या पश्चिमेला एका जुन्या मराठी उपाहारगृहात थालीपीठ आणि पियूष घेतलं. आमचं बिल येण्याआधीच तीन माणसं आमच्या खुर्च्या धरून उभी होती, त्यामुळे भांडण पुढे ढकललं.

गिरगावला भुयारी मेट्रोने गेलो. गार हवा, बसायला जागा, पंधरा-वीस मिनिटांत गिरगाव. तेवढ्यात प्रसादने घड्याळांचा सगळा इतिहास ऐकवला. पूर्वी पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे, मनगटावरचं बायकांचा दागिना मानलं जायचं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिसा चाचपायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी ते पट्ट्याने हातावर बांधलं. रोमन आकड्यांचं ते प्रसिद्ध चौकोनी घड्याळ रणगाडा वरून जसा दिसतो त्यावरून सुचलं म्हणतात. पाणबुड्याची चकती पाण्याखाली किती वेळ झाला ते कळावं म्हणून. वैमानिकांचे मोठाले आकडे अंधारात दिसावेत म्हणून.

"म्हणूनच ही डिझाइन्स मरत नाहीत," तो रंगात येऊन म्हणाला. "कुणाच्या तरी कामातून आलीत ना!"

"आणि आईचं कशातून आलं होतं?"

"म्हणजे?"

"पेशंटची नाडी मोजायला होता तो लाल काटा. आणि तू काढून टाकलास, गाढवा!"

समोरच्या बाईंनी कानातले इयरफोन काढले. प्रसाद हळूच म्हणाला, "डाग पडले होते गं. पिवळी झाली होती. वाटलं, आत्या खूश होईल." त्याचा चेहरा पाहून माझा राग थोडा उतरायला हवा होता. उतरला नाही.

ठाकूरद्वारजवळच्या ज्या दुकानात त्याने घड्याळ दिलं होतं, तिथले मालक आम्हाला बघून खूशच झाले. "काय फिनिश आलंय बघा! लग्नात घालून जा, कोण म्हणणार नाही जुनं आहे."

"मला जुनी डायल परत हवी," मी म्हटलं.

"जुनी कुठून येणार? हीच ती. वरचा रंग खरवडला, त्यावर नवीन छापलं."

मी घाटातून, खड्ड्यांतून, थालीपीठ घाईत गिळून इथवर आले होते ते दुकानात जपून ठेवलेली जुनी डायल मिळेल म्हणून. ती जगातच नव्हती. मालकांनी पाणी दिलं आणि ज्यांनी छपाई केली त्यांचा लालबागचा पत्ता दिला.

टॅक्सीवाल्याने लालबाग म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, पण आला. उड्डाणपुलाखाली उतरून मसाल्याच्या दुकानांसमोर शिंकत शिंकत आम्ही एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. डायल छापणारे परबकाका सत्तरीचे असतील. खोलीत एक टेबल, दिवा, शाईच्या बाटल्या. आकडे कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ रबरी गोळ्याने उचलायची आणि डायलवर टेकवायची, असं त्यांचं काम. मी दारातूनच सुरू झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काय गो बाय, इतकी तापलंस?" ते म्हणाले. "मला सांगितलं काळी कर, मी काळी केली. आता पांढरी करू."

प्रसादने घाईघाईने मोबाइलवर जुन्या घड्याळाचा फोटो उघडून दाखवला. "काका, अगदी डिट्टो असंच."

"तो ठेव खिशात. आईला फोन लाव."

मी लावला. काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "सिस्टर, मी डायल छापणारा परब. आता तुम्हाला काय काय दिसतं?"

पलीकडून मग आई बोलायला लागली. नजरेच्या मधोमध धुरकट डाग आहे. सरळ बघितलं की माणसाचं तोंड जातं, कान राहतात. मान जरा वळवली की कडेनं कळतं. आठ आणि सहा सारखेच दिसतात. जुन्या डायलवरही तसेच दिसत होते, पण ती पाठ होती म्हणून निभत होतं.

आईबरोबर मी रोज राहते. डॉक्टरांकडे नेते, थेंब आणते. माझं तोंड तिला दिसत नाही, हे मला लालबागच्या एका खोलीत स्पीकरवर कळलं. दिवसभर जगावर वैतागून झाल्यावर हे. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. प्रसाद मागोमाग आला.

आत काका विचारत होते, "आकडे कडेला सरकवू? आठाचं पोट मोकळं ठेवू?" आई सूचना देत होती, वॉर्डात द्यायची त्याच आवाजात. पंधरा, तीस, पंचेचाळीसच्या रेघा जाड हव्यात. सेकंद काटा लालच.

रंग वाळायला रात्र लागणार म्हणून मुक्काम प्रसादकडे. दुसऱ्या दिवशी लोअर परळहून लालबागला जायला इतका वेळ लागला की चालत आधी पोचलो असतो. एल्फिन्स्टनचा पूल पाडल्यापासून सगळी वाहनं उरलेल्या पुलांवर लोटलीत. त्या भागात फिरणार असाल तर पाय वापरा. चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा घेतला. परबकाकांनी घड्याळ रुमालावर ठेवून दाखवलं. प्रसादने सांगितलेल्या कुठल्याच सुंदर घड्याळासारखं ते नव्हतं. आकडे फुगीर, कडेला चिकटलेले, मधे मोकळं पांढरं मैदान.

"संग्रहात नाही चालणार हे," प्रसाद म्हणाला आणि स्वतःच हसला.

नाशिकला पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. कंबर मोडली होती आणि चिवड्याचा चुरा झाला होता. आईने घड्याळ हातात घेतलं, चावी दिली. मान डावीकडे वळवून बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसले, जरा बाजूला सरकून, तिच्या नजरेच्या कडेला.

"त्या परबांना फोन कर," ती म्हणाली.

"का? काय झालं आता?"

"चाराचा आकडा तिरका छापलाय."

मी डोळे बारीक करून पाहिलं. खरंच, अगदी किंचित तिरका होता. मला, प्रसादला, खुद्द काकांनाही दिसला नव्हता.